विश्लेषण : खान्देशच्या सायकलपटूंना शर्यत कुठे मिळणार?

पुणे जिल्ह्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ पार पडली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या (यूसीआय) २.२ श्रेणीतील बहुटप्पा रोड शर्यत देशात प्रथमच झाली. ४३७ किलोमीटरचा मार्ग, त्यासाठी दुरुस्त केलेले रस्ते, ठरलेल्या वेळी थांबवलेली वाहतूक आणि दुतर्फा उभे असलेले शाळकरी विद्यार्थी, हे सारे राज्याने पाहिले. जिल्हा प्रशासनाने मनावर घेतले तर सायकलींसाठी रस्ता मोकळा होऊ शकतो, हेही त्यातून दिसले. जळगाव आणि धुळ्यात पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, पोलीस, महाविद्यालयीन मुले असे सगळेच त्यात आहेत. यातील ज्याला नुसते फिरायचे नाही, शर्यतीत उतरायचे आहे, त्याच्यासाठी मात्र जवळपास काय आहे, हा प्रश्न पुण्याच्या झगमगाटानंतरही तसाच राहतो.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे का?

हौशी सायकलपटूला सहज मिळणारा लांब पल्ल्याचा उपक्रम म्हणजे ब्रेव्हे. फ्रान्समधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’च्या नियमांनुसार हे उपक्रम जगभर होतात आणि भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स’ त्यांचे काम पाहते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण केली की ‘सुपर रँदोनर’ हा किताब मिळतो. वृत्तपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर अशा कामगिरीचा उल्लेख अनेकदा ‘स्पर्धा जिंकली’ असा होतो. ते चुकीचे आहे. ब्रेव्हेत क्रमांक काढले जात नाहीत. सात तासांत पोहोचलेला आणि साडेतेरा तासांना पाच मिनिटे कमी असताना पोहोचलेला, दोघांचीही नोंद ‘पूर्ण’ एवढीच होते.

गंमत अशी, की या परंपरेचा मुकुटमणी मानली जाणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये सुरू झाली तेव्हा ती चक्क शर्यत होती. व्यावसायिकांनी १९५१ नंतर तिच्याकडे पाठ फिरवली आणि हौशी सायकलस्वारांनी १,२०० किलोमीटर ९० तासांत पूर्ण करण्याचे आव्हान म्हणून ती जिवंत ठेवली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि पुढची २०२७ मध्ये आहे.

उत्तर महाराष्ट्राची सायकलिंगमधील मोठी नावेही याच सहनशक्तीच्या वाटेने पुढे आली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या कामगिरीमुळे नाशिक विभागात लांब पल्ल्याचे वेड पसरले आणि ते चांगलेच झाले. पण त्यामुळे ‘सायकलिंग म्हणजे किती किलोमीटर’ हाच एक हिशेब लोकांच्या डोक्यात बसला. रोड शर्यतीत प्रश्न किलोमीटरचा नसतो. शेजारच्याच्या पुढे कसे जायचे, हा असतो.

मग रोड शर्यतीत वेगळे काय असते?

थोडे गणित मांडले की फरक लक्षात येतो. सायकलस्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरले, तर सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २५ किलोमीटरने जायला साधारण १०० वॅट शक्ती लागते. ताशी ३५ किलोमीटरसाठी मात्र सुमारे २२५ वॅट लागतात. वेग दीडपटही झालेला नाही, पण मेहनत सव्वादोन पट झाली. कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो भेदायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. सपाट रस्त्यावरची शर्यत ही मुख्यतः हवेशी असते.

हवा कापण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येते, यातच रोड शर्यतीचा सगळा डाव आहे. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला अर्ध्या-पाऊण मीटरवर चिकटून राहिले, तर हवेचा अडथळा ढोबळमानाने एक तृतीयांशाने कमी होतो. वरच्या उदाहरणात पुढचा २२५ वॅट ओतत असताना मागचा १६५ वॅटवर त्याच वेगाने चालतो. शंभर जणांच्या जथ्थ्याच्या पोटात असलेल्याला तर याहून कितीतरी कमी कष्ट पडतात. म्हणूनच सर्वांत ताकदवान सायकलपटू जिंकेलच असे नाही. जो चार तास इतरांच्या आडोशाला राहिला आणि शेवटचे २०० मीटर उरले असताना बाहेर पडला, तो जिंकतो. कुणी आधीच पळ काढला तर त्याच्यामागे जायचे की त्याला दमू द्यायचे, हा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. कबड्डीच्या चढाईत असतो तसाच हा अंदाजाचा खेळ आहे.

हे कौशल्य एकट्याने सराव करून येत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात दोन्ही बाजूंना कोपर लागतील एवढ्या अंतरावर माणसे असताना सरळ रेषा सोडायची नाही, ब्रेक दाबायचा नाही, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक भिडू द्यायचे नाही. भिडले तर पुढचा बहुतेक वेळा सावरतो आणि मागचा पडतो. त्याच्या मागचे दहा जणही पडतात. ज्याने आयुष्यात कधी वीस जणांच्या जथ्थ्यात सायकल चालवलेली नाही, असा मुलगा थेट राज्य स्पर्धेला गेला तर त्याचे पाय कितीही भक्कम असोत, पहिल्या अर्ध्या तासातच तो शेवटी फेकला जातो. ताकद मोजायला ट्रेनर आणि पॉवर मीटर मिळतात. घोळक्यात निर्धास्त राहण्याची सवय शर्यतीतच लागते आणि ती कुठून तरी लहान शर्यतींपासून सुरू व्हावी लागते.

बंगळूरचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तेथे ‘बंगळूर बायसिकल चॅम्पियनशिप्स’ या नावाने हौशी सायकलपटूंनी स्वतःच शर्यतींची मालिका उभी केली. कधी टाइम ट्रायल, कधी चढाची शर्यत, कधी रोड रेस. नोकरी सांभाळून शर्यत खेळणाऱ्यांच्या या वर्तुळातूनच नवीन जॉन यांच्यासारखा अभियंता राष्ट्रीय टाइम ट्रायल विजेतेपदापर्यंत गेला. जळगाव-धुळ्यात सायकल गट आहेत, ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ फेऱ्या आहेत. महिन्याच्या महिन्याला नेमाने भरणारी शर्यतींची अशी मालिका नाही.

खान्देशचे रस्ते शर्यतीसाठी कसे आहेत?

नकाशा पाहिला तर उत्तम. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये सपाटी. चढ हवा असेल तर चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट आहे, फर्दापूरहून अजिंठ्याकडे चढणारा घाट आहे, साक्रीच्या पुढे कोंडाईबारी आहे. धुळ्यातून मालेगावकडे निघाले की लळिंगचा छोटा चढ लगेच पायांची परीक्षा घेतो. सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर असा जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता टाइम ट्रायलसाठीच आखला असावा इतका सपाट आहे.

शिवाय वारा आहे. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात शेकडो पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल, तर वरच्या उदाहरणातील २५ च्या वेगासाठी १०० ऐवजी २०० वॅट लागतात. महामार्गही खोऱ्याप्रमाणे पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेचा वारा वाहत असताना जळगावहून धुळ्याकडे जाणारा दमून जातो आणि परतताना आपण फार ‘फॉर्मात’ असल्याचा त्याला भास होतो. वारा बाजूने आला की सायकलपटू तिरकी रांग करतात आणि रस्त्याच्या रुंदीत न मावलेले शेवटचे दोघे-तिघे कडेला उघडे पडतात. युरोपातील मोठमोठ्या शर्यती अशा बाजूच्या वाऱ्याने फुटल्या आहेत. हा धडा घ्यायला साक्रीचे माळरान पुरेसे आहे.

जमिनीवर आले की चित्र बदलते. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ मालवाहतुकीचा मुख्य मार्ग आहे. त्यातील फागणे ते तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले आणि त्या काळात येथील सायकलस्वारांनी खड्डे, वळणमार्ग आणि धूळ यांतूनच सराव केला. (याच महामार्गावर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला, हे खान्देशवासीयांना ऐकायला फारसे आवडत नाही.) चौपदरी रस्ता झाल्यावर डांबर गुळगुळीत झाले. त्याचबरोबर वाहनांचा वेग वाढला आणि कडेच्या पट्ट्यात उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आल्या. केळीच्या हंगामात रावेर-यावल पट्ट्यातील रस्ते ट्रकनी भरलेले असतात. औट्रम घाटात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना बंदी घालण्यात आली. लहान वाहने आणि आंधळी वळणे मात्र आहेतच.

शर्यत नसल्याने बिघडते काय?

शर्यतीची जागा रिकामी राहत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. स्ट्राव्हासारख्या ॲपवर प्रत्येक पुलाचा, प्रत्येक चढाचा ‘सेगमेंट’ असतो आणि त्यावर सर्वांत कमी वेळ कुणाचा याची यादी असते. ज्यांना अधिकृत शर्यत मिळत नाही ते ही यादी जिंकायला निघतात. तेही सुरू वाहतुकीत, एकेकटे, मार्शल नाही, रुग्णवाहिका नाही, कधी कधी हेल्मेटही नाही. स्पर्धेची ऊर्मी नियम घालून रोखता येत नाही. तिला सुरक्षित जागा दिली नाही तर ती महामार्गावर उतरते. पहाटेचा रिकामा वाटणारा रुंद रस्ता किती फसवा असतो, हे नवी मुंबईत दिसले आहे. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा फेब्रुवारी २०२४ मध्ये पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत मृत्यू झाला. ते अनुभवी सायकलस्वार होते.

दुसरे नुकसान मुलांचे आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत सायकलिंग आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी मुले वर जातात. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण यांचा लाभ मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरीलाच मिळतो आणि आरक्षणासाठीच्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. राष्ट्रीय स्तरावर रेल्वे आणि सैन्यदलांचे संघ पुढे असतात, म्हणजे खेळातून नोकरीचा रस्ता सायकलिंगमध्ये खरोखर आहे. भुसावळसारखे रेल्वेचे विभागीय मुख्यालय जळगाव जिल्ह्यातच आहे. पण पारोळा किंवा शिंदखेड्याच्या मुलाला वर्षातून एकदाच शर्यत मिळत असेल आणि त्या दिवशी त्याची साखळी पडली, तर त्याचे ते वर्ष गेले. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला दर रविवारी सामना मिळतो. सायकलवाल्याला मिळत नाही. ब्रेव्हेचे पदक कितीही मेहनतीचे असले तरी या हिशेबात त्याला किंमत नाही आणि गावात कुणाच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या ‘भव्य सायकल स्पर्धे’च्या चषकालाही नाही.

खर्चाचा अडसर किती मोठा?

मोठा आहे, पण सांगितला जातो तेवढा सुरुवातीला नाही. गिअरची साधी रोड सायकल साधारण ३५ ते ५० हजारांपासून सुरू होते, कार्बन फ्रेमची दीड-दोन लाखांपासून पुढे कितीही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली व सुट्या भागांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. आयात सायकलींवरील सीमाशुल्क मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के करण्यात आले होते. शेतकरी कुटुंबासाठी ३५ हजार हीदेखील लहान रक्कम नाही. त्यात शर्यतीसाठी पुणे-मुंबई गाठायची, तर साडेतीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास, सायकल खोलून बांधणे, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनचे भाडे, मुक्काम आणि सोबत एक पालक. अशा दोन-तीन वाऱ्यांत जेवढे पैसे जातात, तेवढ्यात चांगली चाके येतात. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटातील ‘घाटाचा राजा’ हा किताब पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मुलांनी ऐकलेला आहे. तिथे जाऊन शिकणे मात्र ज्याला परवडते त्याचेच काम.

रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

विनापरवाना वेगस्पर्धेवर मोटार वाहन कायद्यात जी बंदी आहे (कलम १८९) ती मोटार वाहनांच्या शर्यतींसाठी आहे. सायकल त्यात येत नाही. याचा अर्थ परवानगी लागत नाही असा नाही. वाहतूक नियमन पोलिसांकडे असते. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना तात्पुरती बंदी घालता येते. महिनाभराहून कमी मुदतीच्या बंदीसाठी राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नसते, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणजे एका रविवारी सकाळी दोन तास तालुक्याचा रस्ता वळवणे कायद्याच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे ते राष्ट्रीय महामार्ग अडवणे आणि त्यासाठी लागणारे पोलीस बळ मिळवणे. गणेशोत्सव, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांत अडकलेल्या जिल्हा पोलिसांकडे सायकलींसाठी दीडशे माणसे मागणे व्यवहार्य नाही.

म्हणून प्रश्न असा मांडायला हवा, की रस्ता पूर्ण बंद न करता कुठली शर्यत घेता येईल?

उत्तर सव्वाशे वर्षे जुने आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल शर्यतींवरून पोलिसांशी इतके खटके उडाले, की तिथल्या संघटनेने रस्त्यावरील सामूहिक शर्यतीच थांबवल्या. त्यावर १८९५ मध्ये फ्रेडरिक बिडलेक यांनी तोडगा काढला. सायकलपटू एकेक करून मिनिटाच्या अंतराने सोडायचे, पहाटे, गाजावाजा न करता. घड्याळ निकाल देणार. मार्गांना गावांच्या नावांऐवजी सांकेतिक क्रमांक होते आणि स्पर्धक काळे कपडे घालत, जेणेकरून कुणाचे लक्ष जाऊ नये. टाइम ट्रायलची ही पद्धत तिथे इतकी रुजली, की १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड यांनी लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत घेतली तेव्हा संघटनेने त्यांच्यावरच बंदी घातली.

खान्देशात काळे कपडे नकोत, उलट भडक जर्सी आणि मागे लाल दिवा हवा. बाकी पद्धत जशीच्या तशी चालेल. कमी वर्दळीच्या जिल्हा मार्गावर दहा किलोमीटर जाऊन परत, म्हणजे २० किलोमीटर. साठ स्पर्धक, मिनिटाला एक, तासाभरात सगळे सुटतात. वळणावर चार स्वयंसेवक, प्रत्येक फाट्यावर दोन, एक रुग्णवाहिका, दोन घड्याळे. पुढच्याच्या मागे चिकटण्यास मनाई असल्याने घोळक्यातील पडझडीचा धोका नाही. घाटातली चढाची शर्यत तर आणखी सोपी. वेग ताशी पंधराच्या आसपास, एकाच दिशेने, उतारावर स्पर्धाच नाही. आपण किती मागे आहोत हे मुलाला घड्याळ स्पष्ट सांगते आणि दर महिन्याला सांगते.

घोळक्याचे कौशल्य यातून येणार नाही, ही टाइम ट्रायलची मर्यादा. त्यासाठी बेल्जियमकडे पाहावे लागते. तिथे गावच्या जत्रेला ‘केर्मिस’ म्हणतात आणि त्याच नावाने गावाभोवतीच्या पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांची शर्यत होते. बक्षिसे गावकरी आणि दुकानदार देतात, रस्ता गावच अडवते आणि प्रत्येक फेरीला स्पर्धक पुन्हा समोरून जात असल्याने लोक खुर्च्या टाकून बसतात. हे वाचून खान्देशी माणसाला काही परके वाटू नये. इथल्या यात्रांत कुस्त्यांची दंगल अशीच भरते. वर्गणी निघते, मल्लांना रोख इनाम मिळते, पंच गावचे असतात. त्याच यात्रा समितीने एखाद्या वर्षी गावाबाहेरच्या सहा किलोमीटरच्या फेऱ्यावर आठ फेऱ्यांची सायकल शर्यत ठेवली तर खर्च दंगलीहून फार वेगळा येणार नाही. जिल्हा सायकलिंग संघटना आणि जिल्हा क्रीडा कार्यालय सुरुवातीपासून सोबत असले, पंच त्यांचे असले आणि निकाल त्यांच्या नोंदीत गेला, तर प्रमाणपत्राचा पेचही काही अंशी सुटेल.

यातले कठीण काम वेळापत्रकाचे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सकाळी आठनंतर कुणाला सायकलवर ठेवणे धोक्याचे. पावसाळ्यात गावरस्त्यांची खात्री नाही. ऑक्टोबरपर्यंत शालेय स्पर्धांची धावपळ, त्यानंतर दिवाळी, कापूस वेचणी. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते आणि १७-१८ वर्षांचे स्पर्धक मैदानातून गायब होतात. उरतात ते दिवाळीनंतरचे ते जानेवारीअखेरपर्यंतचे दहा-बारा रविवार. त्यातले चार जरी टाइम ट्रायलला मिळवायचे असतील, तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे अर्ज गणपतीच्या आधी जायला हवा.